बारा खुंट्यांचे कोडे

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेत गिटारचे एक विलक्षण भावंड जन्माला आले. नेहमीच्या सहा तारांच्या शेजारी आणखी सहा तारा बसवल्या गेल्या आणि प्रत्येक तारेला जोडीदार मिळाला. वरच्या दोन जोड्यांतील तारा एकाच सुरात बांधल्या जात. खालच्या चार जोड्यांत एक तार मूळ सुरात, तर तिची सखी एक सप्तक वर. हात एकदा फिरला की एका सुराचे दोन होत, आणि त्या दोहोंच्या मधोमध एक थरथरता, झगमगता नाद उमटे. असाच नाद आपल्याकडे वारीत भेटतो. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आषाढीच्या वाटेवर वाशीम जिल्ह्यातून जाते. तेव्हा शेकडो वारकरी एकच अभंग एकाच चालीत म्हणतात. कोणतेही दोन गळे अगदी तंतोतंत एका सुरात नसतात आणि म्हणूनच तो गजर भरदार वाटतो. बारा तारांच्या गिटारचे गुपितही हेच होते. दोन तारांमधला केसाइतका फरक हा तिच्या नादाचा प्राण होता.

पण हा प्राण फार नाजूक होता. न्यू जर्सीतील ऑस्कर श्मिट यांच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या ‘स्टेला’ छापाच्या बारा तारी गिटारी स्वस्त होत्या. त्या रस्त्यावरच्या गायकांच्या आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय कलावंतांच्या हाती पडल्या. त्यांतला सर्वांत बलदंड वादक हडी लेडबेटर, म्हणजेच ‘लेड बेली’. १९३३ मध्ये लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स लुईझियानातील अँगोला तुरुंगात पोहोचले, तेव्हा त्यांना तिथे हा कैदी सापडला. तुरुंगातून सुटल्यावर त्याने आपल्या बारा तारांवर अमेरिकेची शहरे हादरवली. १९४९ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा हे वाद्य जणू त्याच्याबरोबरच मावळतीला लागले. मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज दबून जाई, तारा सारख्या उतरत, आणि बारा तारांच्या ताणाने दांडी हळूहळू पुढे वाके. नव्या पिढीला हे जुने, लहरी जनावर पाळण्याचा उत्साह उरला नव्हता.

त्याच काळात गिटारच्या दुनियेत वीज शिरली होती. १९३१ मध्ये लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बोशाम्प आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी एक चमत्कारिक वाद्य घडवले. गोल पसरट अंग आणि लांब दांडी यांमुळे लोक त्याला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीने वाजवायची ही हवाई पद्धतीची गिटार होती. तिच्या तारांपाशी लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवले होते. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलायचे, वेटोळ्यात वीज जागी व्हायची आणि ध्वनिवर्धकातून सूर गर्जायचा. या ‘पिकअप’ने गिटारला आवाज दिला. पुढच्या वीस वर्षांत सहा तारांची विद्युत गिटार अमेरिकेच्या संगीताची सम्राज्ञी झाली. बारा तारांकडे मात्र कोणी वळले नाही.

त्याला कारणेही तशीच होती. दुप्पट तारा म्हणजे जवळजवळ दुप्पट ताण. तो पेलण्यासाठी दांडी जाड करावी, तर बोटे पुरत नाहीत. तारा जराशा बेसूर झाल्या, तर लाकडी गिटारवर ते खपून जाते. ध्वनिवर्धकातून तोच दोष शतपटीने किंचाळतो. जोडीतली एक तार जाड, दुसरी बारीक. दोघींना एकाच घोडीवरून नेले, तर वरच्या पडद्यांवर त्यांचे सूर एकमेकींपासून फारकत घेतात. सगळ्यांत अवघड प्रश्न होता दांडीच्या माथ्याचा. बारा तारांना बारा खुंट्या हव्यात. त्या एकापुढे एक लावल्या की माथा लांबच लांब होतो, जड होतो, आणि खांद्याला पट्टा अडकवून उभा राहिलेला वादक हात सोडताच गिटार तोंडावर आपटायला निघते. मंचावर उड्या मारणाऱ्या तरुणाच्या गळ्यात असे वाद्य कोण अडकवणार?

या प्रश्नांशी पहिली झुंज दिली मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड शहराच्या दोन भावांनी. १९५४ मध्ये क्लॉड आणि रसेल डीव्हर यांनी ‘स्ट्रॅटोस्फिअर ट्विन’ नावाची दोन दांड्यांची विद्युत गिटार बाजारात आणली. एका दांडीवर सहा तारा, दुसरीवर बारा. नामांकित कंपन्यांना जे सुचले नव्हते, ते एका लहानशा कारखान्याने करून दाखवले. विक्रीसाठी तयार झालेली ही पहिली विद्युत बारा तारी गिटार.

नशिबाने त्यांना वादकही तोलामोलाचा लाभला. जिमी ब्रायंट हा त्या काळातील सर्वांत वेगवान बोटांचा गिटारवादक मानला जाई. त्याने या वाद्याच्या तारा रूढ पद्धतीने लावल्याच नाहीत. प्रत्येक जोडीतील दोन तारा त्याने षड्ज आणि गंधार यांच्यासारख्या अंतरावर बांधल्या. आता एका पडद्यावर बोट ठेवले की एकाच वेळी दोन सूर हातात हात घालून धावू लागले. स्टील गिटार वाजवणाऱ्या स्पीडी वेस्टच्या साथीने त्याने वाद्याच्याच नावाची एक धून ध्वनिमुद्रित केली आणि ऐकणारे थक्क झाले. दोन वादकांचे काम एकटा माणूस, तेही विजेच्या चपळाईने, करत होता.

परंतु या विजयातच अपयशाचे बीज दडले होते. ही लावणी साधायची तर वर्षानुवर्षे कमावलेली बोटांची सवय मोडून नव्याने शिकावे लागे. साध्या सुरावटी सुंदर वाजत. स्वरसंगती, म्हणजे कॉर्ड, धरली की सूर एकमेकांना धडकत. ब्रायंटला जे जमले, ते इतरांना जमेना. गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि डीव्हर बंधूंच्या कारखान्याचे दिवस लवकरच भरले. १९५८ मध्ये मिशिगनमधील बलाढ्य गिब्सन कंपनीनेही बारा आणि सहा तारांची जोड-दांडीची गिटार काढली. ‘ईडीएस-१२७५’ हे तिचे नाव. ती आगाऊ मागणी नोंदवल्यावरच घडवली जाई. वजनदार, महागडे असे ते वाद्य त्या काळी कुतूहलाचा विषय झाले, संगीताचा झाले नाही.

तिसरी चाल खेळली न्यूयॉर्कच्या एका वादकाने. व्हिन्सेंट, म्हणजेच व्हिनी बेल, हा तिथल्या ध्वनिमुद्रणगृहांतला अत्यंत व्यग्र गिटारवादक होता. आज जाहिरात, उद्या चित्रपट, परवा एखाद्या गायिकेची तबकडी. नवनवे नाद शोधण्याचा त्याला ध्यासच होता. १९६० मध्ये ‘नेव्हर ऑन संडे’ हा ग्रीसमध्ये घडणारा चित्रपट गाजला आणि त्यातल्या बुझुकी या जोडतारांच्या ग्रीक वाद्याने अमेरिकेला वेड लावले. जो तो संगीतकार तोच नाद मागू लागला. बेलच्या मनात विचार चमकला की बुझुकीचा हा चमचमता आवाज गिटारवादकाच्या ओळखीच्या दांडीवर, विजेच्या जोरावर का काढू नये?

तो नेथन डॅनियल यांच्याकडे गेला. न्यू जर्सीतील डॅनियल यांची ‘डॅनलेक्ट्रो’ कंपनी काटकसरीच्या कल्पकतेसाठी प्रसिद्ध होती. लाकडाच्या तंतूंपासून दाबून बनवलेल्या फळ्या ते गिटारच्या अंगासाठी वापरत आणि ओठांच्या लालीच्या धातूच्या नळ्यांत पिकअप बसवत. या दोघांच्या सहकार्यातून १९६१ मध्ये ‘बेलझुकी’ जन्मली. पाण्याच्या थेंबासारखे अंग, एकच दांडी आणि बारा तारा. दुसऱ्या दांडीचे ओझे आता उतरले होते. बेलने ती अनेक ध्वनिमुद्रणांत वाजवली. श्रोत्यांनी तिचा नाद ऐकला. पण तो कोठून येतो हे त्यांना कळले नाही. ध्वनिमुद्रणगृहाच्या बंद दारांआड बेलझुकी कामाची ठरली. तरुणांच्या स्वप्नात शिरणे तिला साधले नाही.

इतक्यात वाऱ्याची दिशा पालटली. १९६३ च्या आरंभी ‘रूफटॉप सिंगर्स’ या त्रयीचे ‘वॉक राइट इन’ हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यात लाकडी बारा तारी गिटारी खणखणत होत्या. लेड बेलीबरोबर मावळलेले वाद्य लोकसंगीताच्या लाटेवर पुन्हा वर आले. कॅलिफोर्नियात सांता ॲना येथे बसलेल्या एका व्यापाऱ्याचे कान टवकारले. त्यांचे नाव फ्रान्सिस हॉल.

हॉल मूळचे विद्युत उपकरणांच्या व्यवसायातले. १९५३ मध्ये त्यांनी अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्याकडून कंपनी विकत घेतली. जर्मनीतून आलेल्या रॉजर रॉसमाइसल या कुशल कारागिराने तिच्या गिटारींना डौलदार, पोकळ अंगांचे नवे रूप दिले होते. आता हॉल यांनी ठरवले की बारा तारांची विद्युत गिटार काढायची, आणि ती अशी की सहा तारांच्या गिटारवर वाढलेल्या वादकाला ती परकी वाटू नये. दांडी तीच, लांबी तीच, तोल तोच. फक्त नाद नवा.

हे बोलणे सोपे होते. ते लाकडात उतरवण्याचे काम कारखान्यातील डिक बर्क यांच्या वाट्याला आले. बर्क यांचे नाव पुढे कधी मोठ्या अक्षरांत छापले गेले नाही. ते प्रसिद्ध वादक नव्हते, विद्यापीठातले शास्त्रज्ञही नव्हते. लाकूडकामात मुरलेले हात हीच त्यांची पुंजी. त्यांच्यापुढे तेच जुने कोडे उभे होते. रिकनबॅकरचा माथा आखूड आणि देखणा. त्यावर बारा खुंट्या कशा बसवायच्या? माथा वाढवला, तर तोल बिघडणार आणि रूपही जाणार. खुंट्या दाटीवाटीने खुपसल्या, तर पिळायला बोटांना जागा उरणार नाही.

बर्क यांना उत्तर सापडले ते एका वेगळ्याच कुळातल्या वाद्यात. स्पॅनिश पद्धतीच्या अभिजात गिटारच्या माथ्याला दोन उभ्या खाचा असतात. त्यांत तारा गुंडाळणारे दांडके आडवे बसतात आणि खुंट्यांच्या चाव्या मागच्या बाजूला वळतात. विद्युत गिटारच्या खुंट्यांच्या चाव्या मात्र बाजूला निघतात. दोन्ही रीती एकाच माथ्यावर का नांदू नयेत? बर्क यांनी सहा खुंट्या नेहमीसारख्या बाजूला चाव्या काढून बसवल्या. त्यांच्या मधल्या मोकळ्या लाकडात दोन लांबट खाचा कोरल्या आणि उरलेल्या सहा खुंट्या त्यांत काटकोनात बसवून त्यांच्या चाव्या मागे वळवल्या. ज्या जागेत सहा खुंट्या मावत, तिथेच आता बारा मावल्या! माथा जवळजवळ तेवढाच राहिला. समोरून पाहणाऱ्याला ती सहा तारांचीच गिटार वाटावी, इतकी ती सडपातळ होती. ज्या अडचणीने एवढ्या सगळ्यांना दमवले होते, ती एका सुताराच्या नजरेपुढे विरघळली.

दांडीच्या पोटात दोन पोलादी सळया होत्या. त्यांनी बारा तारांचा ताण पेलला, म्हणून दांडी सडपातळ ठेवता आली. आणखी एक लहानसा बदल मोठा ठरला. रूढ बारा तारी गिटारवर हात खाली येताना जोडीतील बारीक, वरच्या सप्तकातली तार आधी भेटते. रिकनबॅकरने हा क्रम उलटवला. आधी जाड तार, मागोमाग बारीक. त्यामुळे सुराचा घाव ठाम पडू लागला आणि त्याच्या पाठोपाठ वरच्या सप्तकाची लखलख उठू लागली. या वाद्याचे नाव ठेवले ‘३६०/१२’. पहिला नमुना लास व्हेगासमध्ये कार्यक्रम करणाऱ्या सुझी आर्डन या कलावतीच्या हाती गेला. दुसरा डिसेंबर १९६३ मध्ये तयार झाला. तो कोणाच्या हाती जाणार होता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

७ फेब्रुवारी १९६४ रोजी लिव्हरपूलचे चार तरुण न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले आणि शहर वेडे झाले. बीटल्समधील जॉन लेनन आधीपासून रिकनबॅकरची सहा तारी गिटार वाजवत असे. ही संधी हॉल यांनी हेरली होती. गिटारींच्या पेट्या घेऊन ते न्यूयॉर्कला आले, एका हॉटेलात खोली घेतली आणि दुसऱ्या दिवशीची भेट ठरवली. वाद्ये वाजवून दाखवायला टूट्स थीलेमान्स हे नामांकित जॅझवादक सोबत होते. सारे काही योजल्याप्रमाणे जुळले होते. पण ज्याच्या हाती ती बारा तारी गिटार पुढे जाणार होती, तोच आला नाही.

बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन तापाने फणफणला होता. घसा बसलेला, अंगात त्राण नाही. प्लाझा हॉटेलातील खाटेवर तो पडून होता आणि दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर तो उभा राहू शकेल की नाही, याची सर्वांना धास्ती होती. हॉल यांच्या खोलीत आलेल्या लेननने बारा तारा छेडून पाहिल्या आणि त्याला मित्राची आठवण झाली. हे जॉर्जला दाखवायलाच हवे, असा त्याने आग्रह धरला. गिटार प्लाझा हॉटेलात नेण्यात आली. आजारी हॅरिसनने खाटेवर बसल्या बसल्या ती हाती घेतली. माथ्यावरच्या खुंट्यांची मांडणी त्याला विशेष भावली. मान वाकवून कोणती चावी कोणत्या तारेची, हे शोधत बसावे लागत नव्हते. बाजूच्या चाव्या एका संचाच्या, मागच्या दुसऱ्या. गिटार त्याची झाली.

९ फेब्रुवारीच्या रात्री एड सुलिव्हन यांच्या कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी बीटल्सना पाहिले. हॅरिसन उभा राहिला, त्याने वाजवले. पण त्याच्या गळ्यात त्याची नेहमीची ग्रेच गिटार होती. बारा तारी रिकनबॅकर पेटीतच राहिली. तिचा क्षण अजून यायचा होता.

तो आला २५ फेब्रुवारी १९६४ रोजी, लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात. त्या दिवशी हॅरिसनला २१ वर्षे पूर्ण झाली. ‘यू कान्ट डू दॅट’ या लेननच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात त्याने प्रथमच नव्या गिटारवर हात टाकला. सुरुवातीचीच सुरावट घणघणत बाहेर पडली. ती गिटारसारखी होती आणि नव्हतीही. तिच्यात घंटेचा टणत्कार होता, पियानोचा भरीवपणा होता. डीव्हर बंधूंनी पाहिलेले, बेलने पाठलाग केलेले आणि बर्क यांनी लाकडात बांधलेले स्वप्न त्या दिवशी प्रथम पूर्ण आवाजात बोलले.

मग उजाडला १६ एप्रिल. ‘अ हार्ड डेज नाइट’ या बीटल्सच्या पहिल्या चित्रपटाचे शीर्षकगीत ध्वनिमुद्रित व्हायचे होते. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना चित्रपटाचा पडदा उघडताच प्रेक्षकाला जागच्या जागी खिळवून टाकणारा आरंभ हवा होता. हॅरिसनच्या बारा तारा, लेननची लाकडी गिटार, पॉल मॅकार्टनीचा खर्जातला बास आणि मार्टिन यांचा पियानो एकाच क्षणी कडाडले. तो एकच आघात पॉप संगीतातील सर्वांत प्रसिद्ध स्वरसंगती ठरला. ती नेमकी कोणत्या सुरांची आहे, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झडले. कॅनडातील गणितज्ञ जेसन ब्राउन यांनी तर ध्वनिलहरींचे गणिती विश्लेषण करून तिच्यातले सूर वेगळे काढण्याचा प्रयत्न केला. त्याच गाण्याच्या मध्यातली वेगवान गत हॅरिसन आणि मार्टिन यांनी निम्म्या वेगाने मुद्रित केली आणि नंतर पूर्ण वेगाने वाजवली. बारा तारा व पियानो एकमेकांत असे विरघळले की कोठे कोण, हे कळू नये.

जुलै १९६४ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि आता दुसरे पर्व सुरू झाले. लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहात रॉजर मॅग्विन नावाचा तरुण वादक आपल्या साथीदारांसह बसला होता. लाकडी बारा तारी गिटार आणि बँजो यांवर त्याचा हात बसलेला. पडद्यावर हॅरिसनच्या हातातील गिटार त्याला प्रथम सहा तारांचीच वाटली. नाद मात्र तसा नव्हता. तेवढ्यात हॅरिसन कडेने वळला आणि माथ्यामागे वळलेल्या त्या सहा चाव्या पडद्यावर क्षणभर दिसल्या. मॅग्विनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बर्क यांनी जे लपवले होते, ते एका नजरेने टिपले! त्याने आपली लाकडी गिटार आणि बँजो देऊन टाकली व त्यांच्या बदल्यात रिकनबॅकर ३६०/१२ घरी आणली.

तरीही एक अडचण उरलीच होती. या गिटारचा सूर चमकायचा आणि लगेच विझायचा. २० जानेवारी १९६५ रोजी हॉलिवूडमधील कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात मॅग्विनच्या ‘बर्ड्‌स’ या संघाने बॉब डिलनचे ‘मिस्टर टॅम्बोरीन मॅन’ हाती घेतले. तिथले ध्वनिमुद्रक रे गेरहार्ट यांना मोठ्या आवाजाच्या संगीताने आपली यंत्रे बिघडतील अशी धास्ती होती. म्हणून त्यांनी गिटारचा आवाज ‘कॉम्प्रेसर’ या यंत्रातून नेला. हे यंत्र उंच आवाज दाबते आणि क्षीण आवाज उचलते. यंत्रे वाचवण्यासाठी केलेल्या या उपायाने अघटित घडवले. विझणारा सूर आता लांबत, लहरत राहिला. बारा तारांतून जणू वाऱ्यावर धरलेला शहनाईचा आस उमटला. बँजोवर कमावलेली बोटांची चपळाई आणि हा लांबलेला नाद यांचा संगम झाला. एप्रिलमध्ये गाणे प्रसिद्ध झाले आणि पुढच्या काही महिन्यांत अमेरिका व ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. भीतीपोटी घेतलेल्या सावधगिरीतून एका नव्या संगीतप्रकाराचा, फोक-रॉकचा, आवाज घडला.

आता प्रत्येक कंपनीला बारा तारा हव्या झाल्या. लिओ फेंडर यांनी १९६५ मध्ये ‘इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह’ आणली. तिचा माथा लांब होता. पण घोडीवर बाराही तारांना स्वतंत्र आधार होता. त्यामुळे जाड आणि बारीक तारांची फारकत मिटवता आली. बर्क यांनी माथ्याचे कोडे सोडवले, फेंडर यांनी घोडीचे. इंग्लंडमध्ये बर्न्स आणि व्हॉक्स या कंपन्याही शर्यतीत उतरल्या. मात्र ज्या वेगाने लाट उसळली, त्याच वेगाने ती ओसरली. दशक संपता संपता विकृत, गडगडाटी सहा तारी गिटारचे युग आले आणि फेंडरची बारा तारी गिटार कारखान्यातून दिसेनाशी झाली. रिकनबॅकर तेवढी टिकून राहिली.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिस येथे बर्ड्‌स आणि बीटल्स भेटले, तेव्हा बर्ड्‌समधील डेव्हिड क्रॉस्बीने हॅरिसनपुढे पंडित रविशंकर यांच्या सतारीचा विषय काढला. जोडतारांच्या झंकाराने मोहून गेलेल्या कानांना तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारांचे आकर्षण वाटावे, यात नवल नव्हते. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला आणि टोपणनावाने ताजमहाल हॉटेलात उतरला. ओळख फुटली, चाहत्यांनी हॉटेलला गराडा घातला आणि गुरुशिष्यांना काश्मीर गाठावे लागले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला तो ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी. एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात शिवकुमार शर्मा यांचे संतूर, आशिष खाँ यांचा सरोद, चंद्रशेखर नारिंगरेकर यांचा सूरबहार आणि हनुमान जाधव यांची शहनाई त्याने मुद्रित केली. भिंतींना भेदून येणारा रस्त्यावरचा गलका काही ठिकाणी फितीवर उतरला. ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचा वाद्यमेळही याच मुक्कामात मुंबईत मुद्रित झाला.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये व्हिनी बेल स्वस्थ बसला नव्हता. १९६७ मध्ये डॅनलेक्ट्रो कारखान्यातून त्याची ‘कोरल’ विद्युत सतार बाहेर पडली. गिटारच्या सहा तारा, बाजूला १३ तरफा आणि तारेला झणझणायला लावणारी रुंद, सपाट घोडी. ज्या सपाट घोडीवर जव्हारी, म्हणजे तारेची ही झणझण, काढण्यात मिरजेच्या सतारमेकर घराण्यांच्या पिढ्या खपल्या, तिचे महत्त्व अमेरिकेतल्या या शोधकाला आपल्या वाटेने उमगले होते. मिरजेचे हे कारागीर मुळात शस्त्रे घडवणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात त्यांनी तलवारी बाजूला ठेवून भोपळा आणि लाकूड हाती घेतले. तंबोऱ्यातील जोडाच्या दोन तारा एकाच सुरात मिळवताना गुंजन कसे भरून येते, हे त्यांच्या कानांना रिकनबॅकरच्या शंभर वर्षे आधीपासून ठाऊक होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

विद्युत बारा तारी गिटारचा शोध कोणा एकाच्या नावावर लिहिता येत नाही. डीव्हर बंधूंनी वाट पाडली आणि ते त्या वाटेवर कोसळले. बेलने ओझे कमी केले. बर्क यांनी खुंट्यांचे कोडे उकलले. एका तापाने भेट चुकवली आणि एका मित्राने ती जुळवून आणली. हॅरिसनने वाद्याला वाणी दिली, मॅग्विनने तिला श्वास दिला आणि एका घाबरलेल्या ध्वनिमुद्रकाने तो श्वास लांबवला. यांतले एकही पाऊल वगळले, तर ही कथा पुरी होत नाही. तरीही जगाला हॅरिसन ठाऊक आहे आणि डिक बर्क ठाऊक नाहीत. हा अन्याय दूर करणे इतिहास लिहिणाऱ्यांचे काम आहे.

आपल्याकडेही तंबोऱ्याची जव्हारी, सतारीचे पडदे, पेटीच्या सुरपट्ट्या आणि ढोलकीची शाई यांत असंख्य सुधारणा करणारे हात मिरजेपासून वाशीमपर्यंत गावोगाव होऊन गेले आणि आजही आहेत. त्यांच्या नावांची वही कोणी ठेवलेली नाही. वाचकांच्या गावात असा वाद्यकारागीर असेल, तर त्याच्याकडे जावे, त्याने काय बदलले आणि का बदलले हे विचारावे, आणि ते लिहून ठेवावे. कलावंताची आठवण त्याचे संगीत ठेवते. कारागिराची आठवण आपणच ठेवली पाहिजे.